खुराड्याच्या जाळीत उतरलेलं चित्र

30 मे 1974 रोजी फ्लोरिडातल्या केप कॅनव्हरलहून टायटन-3सी अग्निबाण झेपावला. त्याच्या टोकाशी एटीएस-6 नावाचा उपग्रह होता, आणि त्या उपग्रहाच्या माथ्यावर गुंडाळून ठेवलेली एक छत्री. उघडल्यावर तिचा व्यास 9 मीटरहून थोडा अधिक भरणार होता. अग्निबाणाच्या टोकात एवढी जागा नसते. म्हणून अ‍ॅल्युमिनियमच्या 48 लवचिक पट्ट्या मधल्या चकतीभोवती घट्ट वळवून, त्यांच्यामध्ये तांब्याचा मुलामा दिलेलं डेक्रॉनचं जाळीदार कापड घड्या घालून बसवलं होतं. कक्षेत पोचल्यावर बंध सुटायचे, पट्ट्यांनी आपल्याच ताणाने सरळ व्हायचं आणि कापड ताणलं जाऊन वाडग्यासारखा आकार धरायचा. तिथे मदतीला जाणारं कोणी नव्हतं. एक पट्टी अडकली असती तर छत्री वाकडी उघडली असती, आणि वाकड्या छत्रीला हजारो किलोमीटरवरच्या एका देशाकडे नेम धरता येत नाही.

त्या 48 पट्ट्यांवर अहमदाबादेतल्या काही माणसांची पाच वर्षांची मेहनत टांगलेली होती. कारण भारतातल्या सुमारे 2,400 खेड्यांत टीव्ही दिसणार की नाही, हे त्या छत्रीवर ठरणार होतं.

हे कसं घडलं ते समजायला आधी अडचण समजली पाहिजे. टीव्हीच्या लहरी सरळ रेषेत जातात. पृथ्वी गोल, त्यात मध्ये डोंगर. मुंबईच्या मनोऱ्यावरचं चित्र पुण्यात पोचेना म्हणून 1973 मध्ये सिंहगडावर दुसरा मनोरा उभारावा लागला. मनोरा जितका उंच तितकी त्याची नजर लांब, पण शंभरेक किलोमीटरच्या पुढे कोणत्याही गडाची मजल जात नाही. भारतासारख्या देशात गावोगाव चित्र न्यायचं तर असे मनोरे शेकड्यांनी हवेत, शिवाय ते एकमेकांना जोडणाऱ्या मायक्रोवेव्ह साखळ्या हव्यात. साठच्या दशकात देशात टीव्ही होता तो फक्त दिल्लीत. या चालीने बिहारमधल्या किंवा ओडिशातल्या खेड्याचा नंबर कधी लागला असता?

उत्तर कागदावर फार पूर्वीच होतं. विषुववृत्ताच्या वर 35,786 किलोमीटरवर एखादी वस्तू पूर्वेकडे फिरत ठेवली तर तिची एक फेरी 23 तास 56 मिनिटांत पुरी होते. पृथ्वीही स्वतःभोवती नेमकी तेवढ्याच वेळात फिरते. म्हणून खालून पाहणाऱ्याला ती वस्तू आभाळात एकाच जागी खिळलेली दिसते. ऑस्ट्रियाच्या सैन्यातला स्लोव्हेनियन अभियंता हर्मन पोटोचनिक याने विसाच्या दशकाअखेरीस या कक्षेबद्दल लिहिलं होतं. ऑक्टोबर 1945 मध्ये ब्रिटनच्या ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकात आर्थर सी. क्लार्क या तरुणाने त्यापुढचं पाऊल टाकलं : त्या कक्षेत तीन स्थानकं ठेवली तर साऱ्या जगावर प्रक्षेपण करता येईल. क्लार्कच्या कल्पनेतली स्थानकं माणसं राहतील एवढी मोठी होती, कारण तेव्हाचे रेडिओचे व्हॉल्व्ह सारखे जळायचे आणि ते बदलायला वर कोणीतरी हवंच होतं.

माणूस वर न नेता हे करता येतं, हे दाखवलं कॅलिफोर्नियातल्या ह्यूज कंपनीच्या हॅरल्ड रोझेन, डॉनल्ड विल्यम्स आणि टॉम हडस्पेथ या तिघांनी. 1959 पासून ते एका हलक्या उपग्रहाच्या मागे होते. उपग्रह स्वतःभोवती गरगर फिरत ठेवायचा म्हणजे त्याचा तोल आपोआप राहतो, आणि फिरता फिरता ठराविक क्षणी वायूचा छोटा झोत सोडून त्याला हवं तिकडे ढकलायचं, ही त्यांची युक्ती. कंपनी पैसे घालायला तयार होईना. तेव्हा विल्यम्सने स्वतःच्या बचतीतला 10,000 डॉलरचा धनादेश कंपनीप्रमुख पॅट हायलंड यांच्या टेबलावर ठेवला. हायलंडनी धनादेश घेतला नाही, पण प्रकल्प घेतला. 14 फेब्रुवारी 1963 रोजी ‘सिनकॉम’ नावाचा त्यांचा पहिला उपग्रह कक्षेत शिरायच्या क्षणीच मुका झाला. त्याच वर्षी 26 जुलैला दुसरा गेला आणि बोलू लागला. 1964 मध्ये तिसऱ्याने टोकियो ऑलिंपिकची दृश्यं पॅसिफिक महासागरापलीकडे पोचवली.

इथे जगाने टाळ्या वाजवल्या आणि त्या योग्यच होत्या. पण खेड्यातल्या माणसाच्या दृष्टीने अजून काहीच झालेलं नव्हतं. 1965 चा अर्ली बर्ड हा पहिला व्यापारी उपग्रह जेमतेम 6 वॅटच्या प्रक्षेपकावर चालायचा. एवढा क्षीण संदेश टिपायला जमिनीवर प्रचंड थाळी लागे. आपल्याकडे पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगावजवळच्या आर्वीला 1971 मध्ये उभी राहिलेली थाळी सुमारे 30 मीटर व्यासाची आहे. ती वळवायला मोटारी, तिची निगा राखायला अभियंते, तिला सांभाळायला आख्खं केंद्र. दोन देशांमधल्या टेलिफोनसाठी हे परवडतं. शाळेच्या छपरावर ठेवायला नाही.

या शोधकथेतला कळीचा क्षण मला इथे दिसतो. एक टोक दुबळं असेल तर दुसरं बलवान हवं, हे प्रत्येक रेडिओ अभियंत्याला ठाऊक होतं. तोवर वरचं टोक दुबळं होतं, कारण तिथे किलोकिलोचा हिशेब असतो. म्हणून सारा भार खालच्या टोकावर टाकलेला. पण प्रक्षेपण म्हणजे एकाने बोलायचं आणि हजारोंनी ऐकायचं. वर एक, खाली हजार. मग खालच्या प्रत्येक थाळीत वाचलेला रुपया हजारपटीने वाचतो. भार उलटा करा. आभाळातली थाळी मोठी, जमिनीवरची लहान. वरचं यंत्र जगातलं सर्वांत गुंतागुंतीचं, खालचं गावातल्या लोहाराला कळेल इतकं साधं.

नासाला एवढी मोठी छत्री कक्षेत उघडून दाखवायचीच होती. तिचा उपयोग कुणाला आहे, हे सांगणारा माणूस अहमदाबादेत होता : विक्रम साराभाई. उपग्रहाची चर्चा श्रीमंत देशांच्या टेलिफोनपुरती चालली असताना, ज्या देशात मनोरे नाहीत त्याच देशाला उपग्रहाची सर्वांत जास्त गरज आहे, असं ते ठासून मांडत होते. मनोऱ्यांची पायरी गाळून थेट आभाळातून खेड्यात उतरायचं, हा त्यांचा आग्रह. नुसता आग्रह धरून ते थांबले नाहीत. 26 जानेवारी 1967 ला दिल्लीच्या आसपासच्या 80 खेड्यांत सामुदायिक टीव्ही संच ठेवून ‘कृषी दर्शन’ सुरू झालं, त्यामागे त्यांचाच रेटा होता : शेतकरी टीव्हीसमोर बसतो का, बसला तर काय घेऊन उठतो, हे आधी पाहायचं. त्याच वर्षी अहमदाबादेत उपग्रह दळणवळणाचं प्रायोगिक भूकेंद्र 14 मीटरच्या अँटेनासह उभं राहिलं. 18 सप्टेंबर 1969 रोजी भारताचं अणुऊर्जा खातं आणि नासा यांच्यात करार झाला. नासाने उपग्रह वर्षभरासाठी द्यायचा. जमिनीवरचं सगळं, म्हणजे भूकेंद्रं, गावातले संच, त्यांची दुरुस्ती आणि कार्यक्रम, भारताने करायचं. प्रयोगाचं लांबलचक इंग्रजी नाव मागे पडलं आणि आद्याक्षरांचं ‘साइट’ तेवढं राहिलं.

आता जरा आकडे पाहू, कारण या गोष्टीतलं सौंदर्य आकड्यांत आहे. एटीएस-6 वरून टीव्ही चित्र पाठवणारा प्रक्षेपक होता 80 वॅटचा, घरातल्या एका पिवळ्या दिव्याएवढा. तो दिवा नुसता चहूकडे उजळला असता तर पृथ्वीपर्यंत काहीच आलं नसतं. पण 9 मीटरच्या छत्रीने ती सारी शक्ती जेमतेम 3 अंशांच्या झोतात गोळा केली. 36,000 किलोमीटरवर त्या झोताचं वर्तुळ सुमारे पावणेदोन हजार किलोमीटर रुंद होतं, म्हणजे भारताचा बराच मोठा भाग व्यापेल इतकं. त्या वर्तुळात उभ्या असलेल्याला वरचा 80 वॅटचा दिवा लाखाहून अधिक वॅटचा भासावा, एवढी ही एकाग्रता. तरीही खालच्या थाळीत पडायचं ते किती? एका वॅटचे काही हजार कोटी भाग केले तर त्यातला एक. त्यातून चित्र काढायचं होतं.

त्यासाठी लागणारी गावातली थाळी मात्र फक्त 3 मीटरची. आणि ती भरीव पत्र्याची असायची गरजच नव्हती. हे प्रक्षेपण 860 मेगाहर्ट्झवर व्हायचं, म्हणजे लहरीची लांबी सुमारे 35 सेंटिमीटर. जाळीची भोकं लहरीच्या मानाने बारीक असली की लहरीला ती जाळी पत्र्यासारखीच वाटते. ती आरपार जात नाही, उलटून मागे येते. अहमदाबादच्या अभियंत्यांनी मग बाजारात मिळणारी तारेची जाळी उचलली, तीच जी लोक कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात. धातूच्या फाशांवर ती ताणली, वाडग्याचा आकार दिला, झालं काम. जाळीचे आणखी दोन फायदे : वजन कमी, आणि वारा आरपार जात असल्याने वादळात थाळी उलटायची भीती कमी. लहर लांब असल्यामुळे आकारात थोडा उणाअधिकपणाही चालून जायचा. गावात नेऊन माणसांनी हाताने जुळवावी अशी ती वस्तू होती. एकदा पश्चिम-नैऋत्येला, क्षितिजापासून 30 ते 40 अंश वर तोंड करून पक्की केली की पुन्हा हलवायचं कारण नाही, कारण उपग्रह जागचा हलत नाही.

थाळीमागे एक डबा. उपग्रहाकडून येणारं चित्र साध्या टीव्हीला कळणाऱ्या पद्धतीचं नव्हतं. कमी शक्तीत भागावं म्हणून ते वेगळ्या तऱ्हेने, एफएम करून पाठवलेलं असे. डब्याने ते वाढवायचं, बदलायचं आणि टीव्हीला भरवायचं. हे संच हैदराबादच्या इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडियाने बनवले. धूळ, उकाडा, वर-खाली होणारा विजेचा दाब, हे सगळं सोसेल असा संच बांधायचा होता. जिथे वीज नव्हती अशा काही गावांत बॅटरीवर चालणारे संच गेले. आभाळातल्या छत्रीचं कौतुक जगभर छापून आलं. माझ्या लेखी या डब्याचं आणि जाळीचं मोल तिच्याहून तसूभरही कमी नाही.

धास्तीची कारणं मात्र खूप होती. याच एटीएस मालिकेतला दुसरा उपग्रह 1967 मध्ये आणि चौथा 1968 मध्ये अग्निबाणाने दगा दिल्यामुळे भलत्याच कक्षेत अडकला होता. पाचवा 1969 मध्ये वर पोचला, पण भलत्याच अक्षाभोवती गरगरू लागला आणि त्याचे मुख्य प्रयोग बुडाले. एटीएस-6 च्या पाठोपाठ त्याचा जुळा पाठवायचा बेत होता. 1973 मध्ये नासाने पैशाअभावी तो रद्द केला. म्हणजे हा एकच, याला पर्याय नाही. त्याआधी 30 डिसेंबर 1971 च्या रात्री कोवलमला साराभाई झोपेतच गेले. वय अवघं 52. ज्याने हे सारं डोळ्यांपुढे पाहिलं होतं, तो माणूस छत्री उघडायच्या अडीच वर्षं आधीच नाहीसा झाला.

त्यानंतर प्रकल्प कोलमडला असता तर कुणी नवल केलं नसतं. तो उभा राहिला, कारण साराभाईंनी माणसं उभी केली होती. सतीश धवन यांनी इस्रोची धुरा घेतली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतून आलेले यशपाल अहमदाबादच्या अंतराळ उपयोजन केंद्राचे प्रमुख झाले. आणि साइटचे कार्यक्रम व्यवस्थापक होते एकनाथ चिटणीस. कोल्हापूरचा हा माणूस विश्वकिरणांचा अभ्यासक. थुंबाच्या अग्निबाण तळाची जागा शोधण्यापासून ते साराभाईंबरोबर होते. मूळचे पुण्याचे प्रमोद काळेही याच चमूत होते. चिटणिसांच्या वाट्याला आलेलं काम विज्ञानाच्या पुस्तकात बसणारं नव्हतं. राज्य सरकारं, वीज मंडळं, शाळा, आकाशवाणी आणि नासा या सगळ्यांना एका तारखेला एका जागी आणायचं होतं. अशा कामाची दखल शोधांच्या इतिहासात घेतली जात नाही. ती घेतली गेली पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

छत्री उघडली. 48 च्या 48 पट्ट्या सरळ झाल्या. उपग्रह आपला रोख अंशाच्या दहाव्या भागाइतका अचूक धरू शकत होता. पहिलं वर्ष तो 94 अंश पश्चिमेला राहिला आणि अलास्का, रॉकी पर्वत, अ‍ॅपलेशिया अशा दुर्गम अमेरिकेसाठी शिक्षणाचे आणि आरोग्याचे कार्यक्रम दाखवत राहिला. 1975 च्या मे महिन्यात त्याची कक्षा किंचित खाली आणली गेली. खाली आला की उपग्रह पृथ्वीपेक्षा थोडा वेगाने फिरतो आणि हळूहळू पूर्वेला सरकू लागतो. अटलांटिक ओलांडून, आफ्रिका गाठून, सुमारे दीड महिन्यात तो 35 अंश पूर्वेला केनियाच्या माथ्यावर येऊन थांबला. जुलैत अपोलो आणि सोयूझ यांची अंतराळात भेट झाली, तिची दृश्यंही त्याने जाता जाता पोचवली.

1 ऑगस्ट 1975. देशात आणीबाणी लागून महिना उलटला होता. त्या दिवशी अहमदाबादच्या भूकेंद्रातून चित्र वर गेलं, केनियावरून परत फिरलं आणि पाव सेकंदात राजस्थान, बिहार, ओडिशा, मध्य प्रदेश, आंध्र आणि कर्नाटकातल्या खेड्यांत उतरलं. जयपूर-कोट्याचा भाग, मुजफ्फरपूर-चंपारण, संबलपूर-ढेंकानाल, रायपूर-बिलासपूर, कर्नूल-मेदक, विजापूर-गुलबर्गा-रायचूर. मुद्दाम मागासलेले जिल्हे निवडले होते. महाराष्ट्रातलं एकही गाव नव्हतं, पण सोलापूरच्या वेशीपलीकडे विजापूर आणि गुलबर्ग्यात संच होते.

एका चित्राबरोबर दोन ध्वनी पाठवायची सोय होती, त्यामुळे एकच दृश्य दोन भाषांत ऐकवता येई. दिवसाला 4 तास कार्यक्रम : सकाळी दीड तास शाळेतल्या मुलांसाठी, संध्याकाळी अडीच तास मोठ्यांसाठी, आणि हिंदी, कन्नड, ओडिया, तेलुगू अशा चार भाषा. बहुतेक कार्यक्रम आकाशवाणीने दिल्ली, कटक आणि हैदराबादच्या केंद्रांत केले. मुलांच्या विज्ञानाचे कार्यक्रम इस्रोने स्वतःकडे घेतले, त्यांतले पुष्कळ मुंबईच्या स्टुडिओत झाले. सुट्ट्यांमध्ये याच संचांवरून सुमारे 50,000 प्राथमिक शिक्षकांना विज्ञान शिकवण्याचं प्रशिक्षण दिलं गेलं.

पहिल्या दिवसांत संचासमोर शेकड्यांनी माणसं जमत. पुढे गर्दी ओसरली, ती कामाच्या हंगामात आणखी कमी होई. मुलं मात्र हटली नाहीत. या प्रयोगाची मला सर्वांत आवडणारी गोष्ट अशी की, इस्रोने समाजशास्त्रज्ञ आणि मानवशास्त्रज्ञांनाही कामाला लावलं. ते खेड्यांत मुक्कामाला राहिले आणि जे दिसलं ते प्रामाणिकपणे लिहिलं. आरोग्य, स्वच्छता, कुटुंबनियोजन यांबद्दलची माहिती वाढली, आणि ती ज्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं त्यांच्यात, विशेषतः बायकांमध्ये, अधिक वाढली. शेतीत मात्र ठळक फरक दिसला नाही. दिल्लीतली हिंदी छत्तीसगडच्या खेड्यात परकी वाटायची. आपल्याच प्रयोगातलं उणं इतक्या उघडपणे मांडणारी सरकारी खाती तेव्हाही थोडीच होती.

तिकडे कोलंबोत स्थायिक झालेल्या आर्थर क्लार्कच्या घरी इस्रोच्या अभियंत्यांनी एक थाळी आणि संच बसवून दिला होता. ज्याने तीस वर्षांपूर्वी त्या कक्षेतून प्रक्षेपणाची कल्पना कागदावर मांडली, त्याने तिथून आलेलं चित्र स्वतःच्या घरात बसून पाहिलं.

31 जुलै 1976 ला कराराचं वर्ष संपलं. उपग्रह परत पश्चिमेला निघाला, गावातले संच बंद पडले. अनेक गावांनी प्रयोग चालू ठेवा म्हणून मागणी केली, पण उपग्रह आपला नव्हता. तो आपला व्हायला आणखी सात वर्षं लागली. 1982 चा इन्सॅट-1ए काही महिन्यांतच निकामी झाला. 30 ऑगस्ट 1983 ला चॅलेंजर यानातून गेलेला इन्सॅट-1बी टिकला, आणि त्याच्यावर खेड्यांतल्या जाळीच्या थाळ्यांकडे थेट प्रक्षेपण करण्याची सोय पहिल्यापासून ठेवलेली होती. 2004 च्या डिसेंबरात दूरदर्शनची डीटीएच सेवा सुरू झाली तेव्हा थाळी हातभर झाली होती. तत्त्व तेच. वरचं टोक आणखी बलवान, लहर आणखी आखूड, म्हणून खालचं टोक आणखी लहान.

अभियांत्रिकीचा अर्धा भाग साराभाईंच्या स्वप्नापेक्षाही पुढे गेला, असं मी म्हणेन. दुसरा अर्धा, म्हणजे खेड्यातल्या माणसाला त्याच्या बोलीत त्याच्या उपयोगाचं दाखवणं, साइटच्या त्या एका वर्षात जेवढ्या गांभीर्याने हाताळला गेला तेवढा पुन्हा कधी हाताळला गेला नाही. विजापूर-गुलबर्ग्याच्या ज्या शाळांत ते संच होते, तिथली तेव्हाची मुलं आज साठीच्या आसपास आहेत. सोलापूर, सांगली, लातूरच्या पुष्कळ घरांचे तिकडे सोयरे आहेत. वाचकांपैकी कुणाच्या नात्यात त्या संचासमोर बसलेलं कुणी असेल, तर त्यांनी काय पाहिलं, काय लक्षात राहिलं, ते त्यांच्याकडून आताच लिहून घ्या.